विमानघर, बायकांचा दिवस

शके १८४१, फाल्गुन शु. ४

भाऊजींनी आज जेवताना विषय काढला. माझी सून रमा ताक घेऊन आली तशी थांबले. ती आत गेल्यावर म्हणाले, "वहिनी, लढाई संपून वर्ष होऊन गेलं. तुर्कांनी धरलेले सगळे सुटून आले. दत्तू यायचा असता तर आला असता. किती दिवस असं अधांतरी ठेवायचं?"

"कोणाला?"

"त्याच्या जिवाला."

मी पानाकडे पाहिले. भाऊजी वाईट बोलत नाहीत. यजमान गेले तेव्हा दत्तू चार वर्षांचा होता. धाकट्या दिराने आम्हा दोघांना सांभाळले, कधी बोलून दाखवले नाही. गेल्या साथीत त्यांची बायको गेली. तिचे सगळे रीतसर झाले. म्हणतात, म्हणूनच मला झोप लागते.

दत्तूचा पालाशविधी करायचा म्हणतात. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला दत्तू म्हणायचे, अग्नी द्यायचा, दिवस करायचे. मग रमाचे कुंकू, बांगड्या, केस. हे ते बोलले नाहीत. बोलायची गरज नसते. माझ्या वेळी कोणी बोलले नव्हते. न्हावी ओसरीवर बसलेला दिसला तेव्हा कळले.

रमा वीस वर्षांची. दत्तू बसऱ्याला गेला तेव्हा तिला सोळावे होते.

फाल्गुन व. २

शास्त्रीबुवा आले होते. भाऊजींनी सर्व सांगितले. इंदूरच्या गिरणीत फिटर, तिथून सरकारच्या विमान-पलटणीत, बसरा, मग वर तुर्की मुलखातले कूत. कुताला वेढा पडला, तेव्हापासून पत्र नाही. कचेरीत विचारले तर एकच उत्तर, ठावठिकाणा नाही.

बुवा म्हणाले, "मेलेला पाहणारा कोणी साक्षी आहे का?"

"नाही."

"साक्षी असेल तर उद्या करा. नसेल तर बारा वर्षं वाट पाहायची."

"बारा!"

"शास्त्र मी केलं नाही, पंत."

मी दाराआड होते. मागे कोणीतरी उभे आहेसे वाटले. वळून पाहिले नाही. बुवा गेल्यावर रमा विहिरीवरून हात धुऊन आली आणि तांदूळ निवडायला बसली.

बारा वर्षांत एक बाई बत्तीशी उलटते. मग केस गेले तरी फारसे कोणी पाहत नाही. हा विचार बरा की वाईट, माहीत नाही. आला म्हणून लिहिला.

शके १८४२, चैत्र शु. ६

राजीबाई लखारन बांगड्या घेऊन आली. रमाच्या हातात भरता भरता तोंड चालू. ती देवासहून येते आहे. तिथे कोण्या सरदारांनी आपल्या रिकाम्या हत्तीखान्यात विमाने आणून ठेवली आहेत. तीन आहेत. लोक त्याला विमानघर म्हणतात. पुरुषांना रोज उघडे; बायकांसाठी एक महिना सोडून एक दिवस, त्या दिवशी आत मर्द नाही.

"एक तो लढाई से आयो हे, मांसाब. गोळ्यां का छेद हे वणा में. गेंदालाल दर्जी संभाळे. वो भी वंईज थो, बसरे. विमान का पंख सीवतो थो."

मी म्हटले, दर्जी? विमानाला?

"हऊ. कपडा काज तो पंख हे."

रमाचा हात आखडला. बांगडी फुटली. राजीबाईने जीभ चावली आणि दुसरी काढली.

जाताना तिला अंगणात गाठून विचारले, बायकांचा दिवस कधी. म्हणाली, "बैसाख वदी नोमी." दर्जी मात्र असतो ना? "वो ने वणी की लुगाई. बुढ्ढो हे, वणा को कईं मर्द." तो आणि त्याची बायको, एवढीच.

बसऱ्याला दर्जी होता. दत्तू पत्रात लिहायचा, आमच्या तळावर देवासचा एक म्हातारा आहे, मला भाकरी करून घालतो. नाव लिहिले नव्हते.

चैत्र शु. ९

रामजन्म झाला. सुंठवडा वाटला.

दोन दिवस विचार केला. त्या दर्ज्याला विचारले आणि तो म्हणाला, माझ्यासमोर गेला, तर तो साक्षी झाला. शास्त्रीबुवांचे काम झाले. न विचारले तर रमाची बारा वर्षे आहेत, आणि मी आहे तशी.

मला कळायला हवे आहे. ते इतके हवे आहे की त्यापुढे मला पोरीचे केस दिसेनासे होतात. दिसले की लाज वाटते.

एक वाट सुचली. बायकांच्या दिवशी जायचे. भाऊजी बाहेर दरवाजाशी बसतील. मी आत विचारीन. जे कळेल ते माझ्यापाशी राहील. साक्ष झाली तर माझ्या कानांची, आणि माझे तोंड माझे आहे.

संध्याकाळी भाऊजींना म्हटले, दत्तू ज्यावर काम करत होता ते यंत्र एकदा पाहायचे आहे.

"वहिनी, लोक काय म्हणतील? आलवण नेसून विमान पाहायला?"

"बायकांचा दिवस असतो. वैशाख वद्य नवमी."

भाऊजी उठले. मग पंचांग काढून पाहिले, म्हणाले, "ऊन मरणाचं असेल. पहाटे निघावं लागेल." दर्ज्याबद्दल मी बोलले नाही.

चैत्र व. ९

उडदाचे पापड. रमा लाटते, मी वाळत घालते. दिवसभर वारा. वाड्याबाहेर लमाणांचे तांडे गेले. दुसरे काही नाही.

वैशाख शु. ३

अक्षय्य तृतीया. पितरांच्या नावाने पाण्याच्या घागरी दिल्या. मामंजी, सासूबाई, यजमान, भाऊजींची बायको. भाऊजींनी एक घागर जास्त आणली होती. ती बाजूला, रिकामी. माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी ती उचलून परसात ठेवली.

दुपारी रमाने त्याच घागरीत तुळशीचे पाणी भरले. तिला ठाऊक होते की नाही कोण जाणे.

वाचन: वर्तमानपत्राचे जुने अंक. दत्तू शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याच्या पाटीवरून अक्षरे काढायला शिकले. तो पाठ म्हणायचा, मी चुलीपाशी बसून बोटाने राखेत लिहायची. त्याला वाटे, आई आपला अभ्यास घेते आहे.

वैशाख व. ६

पहाटे धारहून बैलांच्या दमणीने निघालो. भाऊजी, मी, रमा. रमाला न्यायचे माझ्या मनात नव्हते. ती गाठोडे घेऊन दारात उभी राहिली. भाऊजी म्हणाले, येऊ दे, पोर कुठे जात नाही. मग तिला माझ्याजवळ बसवले. घाटाबिल्लोदला दुपार काढली. रात्री बेटमे.

वैशाख व. ८

काल इंदूर. भाऊजींच्या साडूंकडे उतरलो. आज तिसऱ्या प्रहरी क्षिप्रा ओलांडली, पाणी घोट्याएवढे. दिवस मावळता देवासची टेकडी दिसली. विठोबाच्या देवळामागे धर्मशाळेत जागा मिळाली.

रमाने विचारले, "सासूबाई, ते कुठे बसत असतील? विमानात का खाली?"

मी म्हटले, फिटर खालीच असतो.

"मग ठीक," म्हणाली.

वैशाख व. ९

सावकाश लिहिते, नाही तर सगळे एकात एक होईल.

हत्तीखाना गावाबाहेर, तळ्याच्या अंगाला. दारात पहारेकरी आणि आत जाणारे सगळे पुरुष, पोरे, दोन पागोटेवाले. बाई एक नाही. भाऊजी पुढे झाले, "आज बायकांचा दिवस ना?"

"लुगायां को दन तो गया महिने हुई ग्यो, पंतसाब."

"कसा झाला? वैशाख वद्य नवमी आज आहे."

"आज तो जेठ वदी नोमी हे."

भाऊजींनी तिथी बोटांवर मोजली. मग हळूच हसले, पण माझ्याकडे पाहून नव्हे. मला तेव्हा उमगले. पौर्णिमा झाली की या लोकांचा महिना बदलतो, आपला अमावास्येला. त्यांचा वैशाख वद्य म्हणजे आपला चैत्र वद्य. चार पिढ्या माळव्यात काढल्या, दूधवाल्याशी, पाणक्याशी बोलताना मी आपोआप त्यांचा महिना धरते. कधी चुकले नाही. या वेळी मनात दत्तू होता, म्हणून महिनाही घरचा धरला गेला.

"वहिनी, तुम्ही तिला विचारलं नाहीत, वैशाख कोणाचा?"

"नाही विचारले."

"आणि मी पंचांग उघडून बसलो! मोठा शहाणा."

भाऊजींनी गावाचे नाव सांगितले तेव्हा पहारेकरी म्हणाला, धार से आया हो, मर्द साथे हे, तो जाव मांय. बायकांना तशी बंदी नाही, गर्दी असते इतकेच. परत फिरावे, असे मी म्हणणार होते. तोवर रमा उंबरा ओलांडून आत गेली. तिच्यामागे भाऊजी. मग मी.

जागा उंच. जमिनीत साखळ्यांच्या कड्या अजून आहेत, भिंती हत्तींनी अंग घासून गुळगुळीत झालेल्या, आणि वास अजून तोच. आत तीन वस्तू.

पहिली वेताची करंडी, माणूस उभा राहील एवढी. फुग्याखाली बांधून वर सोडत. फुगा फाटला, करंडी राहिली. दर्ज्याची बायको सुंदरबाई तिथे झाडत होती. ती म्हणाली, पहिल्या वेळी माणसाऐवजी बकरी बसवली. बकरी खाली आली ती दोन दिवस कोणाला जवळ येऊ देईना. "पछे साब लोग बोल्या, बकरी आई गी तो अपण भी आवांगा."

दुसरे लढाईआधीचे, कोणा गोऱ्याने खेळ दाखवायला आणलेले. बांबू, तारा आणि कापड, पतंगाचा सांगाडा वाटतो. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरून उठले आणि पलीकडच्या जवारीत बसले. गोरा ते तिथेच टाकून गेला. त्याला एरंडेलाचा वास येतो. रमाने पदर नाकाला लावला.

भाऊजी म्हणाले, "एरंडेल कशाला?"

"वणा का इंजन में येज तेल लागे, साब."

"तरीच पळतं," रमा म्हणाली.

सुंदरबाई केरसुणी टाकून हसली. भाऊजीही हसले. रमा हसलेली मी किती दिवसांनी पाहिली. मग भाऊजी पुष्पक विमानाचे सांगू लागले, आपल्याकडे हे सगळे होतेच म्हणून. खांबामागून आवाज आला, "होयगा, पंतसाब. पण पुष्पक के एरंडी को तेल नी लागतो थो, येज वणा को बडो गुण."

तोच गेंदालाल. वाळका, दाढी पांढरी, गळ्यात मोजपट्टी. डाव्या पायाला काही झाले आहे, खुरडत चालतो.

तिसरे विमान शेवटी, एकटे. दोन पंख एकावर एक, पुढे लाकडी पंखा, आमच्या दरवाजाच्या फळीएवढा लांब. पंख्यावर हळदकुंकू, तळाशी नारळाची शेंडी. बायकांच्या दिवशी बायका वाहून जातात. गेंदालाल पुसतो, त्या पुन्हा वाहतात. मला वाटले होते लोखंडाचे असेल. ताणून बसवलेले कापड आहे. वर रोगण, बोटाने टिचकी मारली तर मृदंगाच्या शाईसारखे वाजते. ठिकठिकाणी चौकोनी ठिगळे. जिथून गोळी गेली तिथे ठिगळ.

गेंदालाल सांगत होता, विमान उतरले की फिटर इंजनाकडे धावायचे आणि हे दर्जी लोक पंखांकडे. ठिगळ लावायचे, रोगण द्यायचे, वाळेपर्यंत वर माश्या बसू द्यायच्या नाहीत. "एक दन आंधी आई, रोगण गीलो थो, सगळो पंख रेती को हुई ग्यो. साब बोल्या, ये विमान हे कि पापड?" हातवारे करून सांगत होता. रमाने एका ठिगळावर तळवा ठेवला. त्याने मनाई केली नाही, बाकीच्यांना करत होता.

भाऊजींनी विचारले, "तुम्ही बसऱ्याला होता?"

मी रमाचा दंड धरला. बाहेर नेणार होते. तिने हात सोडवून घेतला.

"हऊ, साब. बसरा, अमारा, कूत. सब जगे."

"आमचा पुतण्या होता. दत्तात्रय. धारचा, फिटर."

गेंदालालने भाऊजींकडे पाहिले. मग माझ्या आलवणाकडे. मग रमाकडे, आणि तिथे नजर थांबली, तिच्या कपाळावर. चष्मा काढून मोजपट्टीच्या टोकाने पुसला.

"दत्तूभिया," म्हणाला. "ओळखूं."

"मग सांगा."

"कूत में साथे था. गढी सोंपी दी जद तुर्क ने सबके पैदल चलाया. मरुभूमी. म्हारो पाँव खराब थो, म्हूं पाछली टोळी में. वी आगली में था."

"पुढं?"

"चालता था, साब."

"मेलेलं पाहिलंत का तुम्ही? विचारतो याचं वाईट वाटून घेऊ नका. आम्हाला शास्त्रासाठी लागतं."

"म्हने चालता देख्या. जो देख्यो, वो कियो." पाहिले ते सांगितले, एवढेच.

भाऊजींनी मान हलवली. दोनदा. मग जाऊन त्या वेताच्या करंडीपाशी उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते का, ते पाहिले नाही. त्यांनीच दत्तूला खांद्यावर बसवून मांडवगडाचा किल्ला दाखवला होता.

रमा म्हणाली, "पायात काही होतं का? त्यांच्या?"

गेंदालाल म्हणाला, "जूता था, बई. अच्छा जूता था."

एक गोष्ट मी पाहिली, ती इथे लिहून ठेवते. बकरीचे, आंधीचे, ठिगळांचे सांगताना त्याचे दोन्ही हात बोलत होते. दत्तूचे सांगताना हात पाठीमागे होते.

वैशाख व. १०

पहाटे विहिरीवर सुंदरबाई आली. पाणी भरायचे निमित्त, तिची विहीर ती नव्हे. म्हणाली, "मांसाब, म्हारा घरवाळा ने कियो, मर्द माणूस का सामे सगळी वात नी होवे. मां अकेली आवे तो वात करूं."

मी म्हटले, आत्ता येते.

"आज नी. वी रात से पड्या हे, ताव हे. नी बोले कणी से." ताप आला होता त्याला. मग म्हणाली, "आषाढ वदी नोमी, लुगायां को दन. जद आवजो." आणि हसली, "अब के महिनो बराबर गिणजो."

आमचा ज्येष्ठ वद्य. बरोबर मोजला.

म्हणजे आहे काहीतरी. चांगले असते तर तो काल कपाळाकडे पाहून थांबला नसता. पण म्हातारा माणूस, तुरुंगातून आलेला, त्याच्याजवळ दुसरेही काही असेल. निरोप असेल. दत्तू आजारी पडला, कोणा गावात राहिला, असेही असेल. मी दोन्ही बाजू मांडून पाहते, एक बाजू हलकी पडते, तरी मांडते.

रमा घागर घेऊन चार हातांवर उभी होती. ऐकले असेल. घागर भरून पुढे निघाली.

वैशाख अमावास्या

परतीची वाट. साडूंकडे तीन-चार दिवस राहून इंदूर सोडल्यावर एका खेड्याबाहेर वडाभोवती माळवणी बायकांची गर्दी. त्यांची वटसावित्री आज, आपली पौर्णिमेला. रमा म्हणाली, थांबवा. दमणीतून उतरली, लांब उभी राहून पाहिले. एका बाईने ओटीत चार आंबे घातले, विचारले, थारो घरवाळो कां? रमा म्हणाली, "परदेस."

भाऊजींनी ऐकले. बैलांना पाणी दाखवायला गेले.

ज्येष्ठ शु. ५

भाऊजी शास्त्रीबुवांकडे जाऊन आले. चालताना पाहिला ही साक्ष मरणाची नव्हे. उलट जिवंतपणाची आहे. बारा वर्षे त्या दिवसापासून धरायची.

भाऊजी म्हणाले, "आठ राहिली. आठ वर्षं मी असेन का, वहिनी?"

"असाल."

"मला फक्त त्याच्या घशाला कोरड पडू नये, एवढंच आहे. रमाचं वाईट करायची मला हौस नाही."

"माहीत आहे."

"केसांचं म्हणाल तर माझ्या एकट्याच्या हातात नाही. लोक आहेत, तिचं माहेर आहे."

त्यांनी केसांचे नाव प्रथमच काढले.

ज्येष्ठ पौर्णिमा

रमा वडाला गेली. पाच बायकांबरोबर, सूत, फळे घेऊन. शेजारच्या काकू मला दारात म्हणाल्या, "जाऊ दे बाई, पोर आहे. खरं काय ते देव जाणे." खरे काय ते देवासला एक दर्जी जाणतो. काकूंना मी ताक दिले.

रमा आल्यावर नमस्काराला वाकली. मी आशीर्वाद काय देऊ? सवाष्णीला जो देतात तोच दिला. तोंडातून सरळ आला.

ज्येष्ठ व. ३

भाऊजींना सांगितले, बायकांचा दिवस चुकला तो गाठायला जाते.

"एकदा पाहिलंत ना विमान?"

"पाहिले. तुम्ही बरोबर होता."

त्यांनी पानाला चुना लावला, दुमडले, तोंडात घातले नाही. समजले असावे. म्हणाले, "मी येत नाही. गणपत गडी घेऊन जा. पाऊस आला तर क्षिप्रा अडवेल, इंदुरात थांबा." मग जरा वेळाने, "वहिनी, काही कळलं तर लपवू नका. त्याचं पाणी अडतं."

चैत्रात वाटले होते, माझे तोंड माझे आहे. आता तसे वाटत नाही. दत्तूला पाणी द्यायचे तर रमाला भादरायचे. रमाला ठेवायचे तर दत्तूला तहानेला ठेवायचे. हे मी मांडलेले नाही. पण मला मोडताही येत नाही.

न जावे, हाही विचार केला. दोन दिवस तोच ठरला होता. काल दत्तूचा जुना सदरा उन्हात घातला, बगलेत उसवलेला होता. शिवायला घेतला आणि कळले, जाणार आहे.

ज्येष्ठ व. ६

उजाडले नाही अजून. दमणी जुंपून दारात आहे. गणपत वाती कापून कंदील ठीक करतो आहे. आभाळ धरले आहे, पडत नाही.

शिदोरी घ्यायला स्वयंपाकघरात गेले. फडक्यात दोघींची भाकरी बांधलेली. रमा पातळ बदलून तयार, केस विंचरून अंबाडा घातलेला, कुंकू ठसठशीत.

मी म्हटले, "त्या दर्ज्याने मला एकटीला बोलावलं आहे."

"ऐकलं होतं मी विहिरीवर."

"मग?"

"त्याने आईला बोलावलं. बायकोला काय सांगायचं ते त्याला सुचलं नाही, म्हणून चालत होते म्हणाला. जोडा अच्छा होता म्हणाला." ती भाकरीची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. "सासूबाई, तुम्ही विचारू नका. तुम्ही विचारलंत तर आयुष्यभर माझ्याकडे बघून गप्प बसाल. मी विचारणार. मग काय करायचं ते मी बघीन."

"कळून कुंकू लावशील?"

"ते अजून मला माहीत नाही."

भाऊजी ओसरीवर उठून बसले आहेत. खोकतात. ती माझ्या उत्तरासाठी थांबलेली नाही. जाऊन दमणीत बसली, मागच्या अंगाला, माझ्यासाठी पुढे जागा ठेवून. गणपतने दोनदा हाक मारली. एवढे लिहून उठते.